दोन छोट्या प्रोजेक्टरवर घरचा थ्रीडी पडदा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

२०१७ मध्ये सोनी आणि एलजीनेही थ्रीडी टीव्ही बनवणं थांबवलं आणि घरबसल्या थ्रीडी बघायचा सोपा रस्ता बंद झाला. पण मल्टिप्लेक्समध्ये हलक्या, बिनबॅटरीच्या चष्म्यातून जे दिसतं ते घरी उभं करता येतं, आणि त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. एकाच मॉडेलचे दोन छोटे प्रोजेक्टर, पोलरायझर फिल्टरचे दोन तुकडे, चंदेरी पडदा, तसेच फिल्टर लावलेले चष्मे आणि दोन एचडीएमआय आउटपुट असलेला एक कॉम्प्युटर एवढं सामान पुरतं.

तत्त्व साधं आहे. एक प्रोजेक्टर डाव्या डोळ्याचं चित्र टाकतो, दुसरा उजव्या डोळ्याचं, आणि दोन्ही चित्रं पडद्यावर एकमेकांवर बसतात. दोघांपुढचे फिल्टर प्रकाशलहरींना वेगवेगळं वळण देतात आणि चष्म्याची प्रत्येक काच फक्त आपल्या वळणाचा प्रकाश आत सोडते. चष्म्यात ना बॅटरी ना सर्किट, म्हणून या पद्धतीला पॅसिव्ह म्हणतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून ठेवा. हे सगळं काम उजेडापेक्षा अंधाराचं आहे. डाव्या डोळ्याचं चित्र उजव्या काचेतून बघितलं की पडदा काळा दिसला पाहिजे. तो जितका काळा, तितकं थ्रीडी स्वच्छ. त्यात थोडा उजेड झिरपला की प्रत्येक वस्तूशेजारी फिकट दुसरी कड दिसते. त्यालाच घोस्टिंग म्हणतात, आणि डोकं दुखायला लागतं ते बहुतेक वेळा त्यापायी. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यावर एक डोळा मिटायचा आणि हा अंधार तपासायचा.

उजेड पुरेल का?

ही शंका सगळ्यांना येते, तेव्हा हिशोबच करू. समजा प्रोजेक्टर खरोखरचे २०० एएनएसआय ल्यूमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला एकूण उजेड) देतो. फिल्टरमधून साधारण ४० टक्के प्रकाश पार होतो, म्हणजे ८० ल्यूमेन उरले. २ मीटर रुंद, १६:९ पडद्याचं क्षेत्रफळ २.२५ चौरस मीटर. त्यावर सुमारे ३६ लक्स, म्हणजे दर चौरस मीटरवर ३६ ल्यूमेन, पडतात. चंदेरी पडद्याचा गेन, म्हणजे साध्या पांढऱ्या पडद्याच्या तुलनेत तो किती पट उजळ, दीड धरला तर १७ निट्स (पडद्यावरून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाचं माप) होतात आणि चष्म्याच्या काचेतून डोळ्यापर्यंत १३-१४ निट्स पोचतात. टूडी सिनेमासाठी चित्रपटगृहाचं प्रमाण ४८ निट्स आहे, पण थ्रीडीच्या खेळात प्रत्यक्षात साधारण १५ निट्सच्या आसपासच उजेड असतो. म्हणजे पडदे ओढून खोली पूर्ण काळोखी केली तर २०० ल्यूमेनमध्ये काम भागतं, आणि ५०० मिळाले तर चैनच.

अट एकच, ल्यूमेन खरे हवेत. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर ‘९००० ल्यूमेन’ छापलेलं असतं त्याला काही अर्थ नाही. एएनएसआय आकडा विचारा. तसंच ‘१०८०पी सपोर्ट’ वर समाधान मानू नका. यंत्राचं स्वतःचं, म्हणजे नेटिव्ह रिझोल्यूशन किती ते विचारा.

प्रोजेक्टर निवडताना

दोन्ही एकाच मॉडेलचे आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेले असावेत. रंगाची छटा आणि लेन्सचा कोन जुळवण्यात पुढचे निम्मे कष्ट वाचतात.

आत कोणतं तंत्र आहे याने मोठा फरक पडतो. डीएलपी, म्हणजे सूक्ष्म आरशांच्या चिपवर चालणाऱ्या यंत्राचा प्रकाश ध्रुवित नसतो, म्हणजे त्याच्या लहरींना एक ठरलेलं वळण नसतं, त्यामुळे त्यापुढे फिल्टर कसाही धरा, सारखाच उजेड येतो. नवख्याने डीएलपीच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. एलसीडी यंत्रातून प्रकाश आधीच ध्रुवित होऊन बाहेर पडतो. तीन पॅनेलच्या एलसीडीत तर बहुधा हिरव्याची दिशा लाल-निळ्याच्या काटकोनात असते. अशा यंत्रापुढे फिल्टर धरून हळूहळू फिरवा: चित्र एकदा हिरवं होतं, एकदा जांभळट गुलाबी. या दोन टोकांच्या बरोबर मध्ये, ४५ अंशांवर, पांढरा रंग पुन्हा पांढरा दिसतो. तिथेच फिल्टर पक्का करायचा.

स्वस्तातल्या एका पॅनेलच्या एलसीडी यंत्रांसाठी हीच चाचणी दुकानातच करा. फिल्टर फिरवताना चित्र कोणत्या कोनावर विझतं ते बघा. आडव्यात किंवा उभ्यात विझलं तर ठीक, कारण ४५ आणि १३५ अंशांवर दोन्ही फिल्टर निम्मा-निम्मा प्रकाश सोडतील. तिरक्या कोनावर विझलं तर एका डोळ्याला पूर्ण उजेड आणि दुसऱ्याला काहीच नाही अशी गत होईल. ते यंत्र सोडून द्या.

फिल्टर आणि चष्मे

पोलरायझर दोन प्रकारचे मिळतात, रेषीय आणि वर्तुळाकार. रेषीय प्रकाशलहरींना एका सरळ दिशेत डोलवतात, वर्तुळाकार त्यांना डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरवतात. रेषीय स्वस्त असतात आणि त्यांचा अंधारही गडद असतो, पण बघणाऱ्याने मान कलती केली की गळती सुरू होते. १० अंश कलली तर चुकीच्या चित्राचा सुमारे ३ टक्के उजेड आत येतो, आणि तेवढा पांढऱ्या अक्षरांभोवती लगेच जाणवतो. वर्तुळाकारात मान कलली तरी चालतं. घरात लहान मुलं असतील, कोणी लोडाला टेकून बघणार असेल, तर वर्तुळाकारच घ्या. रिअलडी या थ्रीडी पद्धतीच्या चित्रपटगृहांत मिळणारे चष्मे वर्तुळाकार असतात. डॉल्बीचे थ्रीडी चष्मे रंगपट्ट्यांवर चालतात, त्यांचा इथे उपयोग नाही. पोलराइज्ड गॉगलही नको. त्याच्या दोन्ही काचांची दिशा एकच असते.

हातातला चष्मा कोणत्या प्रकारचा आहे हे आरशासमोर कळतं. चष्मा घाला, एक डोळा मिटा आणि आरशात बघा. उघड्या डोळ्यासमोरची काच काळी दिसली आणि मिटलेला डोळा स्पष्ट दिसला तर चष्मा वर्तुळाकार. उघडा डोळा स्वतःला बघू शकला आणि मिटलेल्या डोळ्याची काच काळी झाली तर रेषीय. आरशावर आपटून परतताना वर्तुळाकार प्रकाशाचं वळण उलटतं, म्हणून असं होतं.

वर्तुळाकार फिल्टरला दोन बाजू असतात. रेषीय बाजू प्रोजेक्टरकडे आणि दुसरी बाजू पडद्याकडे हवी. इथेही आरसाच मदतीला येतो: तुकडा आरशावर धरून वरून बघा. ज्या बाजूने बघताना आरसा काळवंडतो, ती रेषीय बाजू. दोन तुकडे एकमेकांच्या उलट वळणाचे घ्यायला विसरू नका. कॅमेऱ्याचे ‘सीपीएल’ (वर्तुळाकार पोलरायझर) फिल्टर सहसा एकाच वळणाचे असतात, त्यामुळे वर्तुळाकार जोडीसाठी ते चालत नाहीत. मात्र कॅमेऱ्याकडची बाजू प्रोजेक्टरकडे करून उलटे बसवले तर रेषीय म्हणून उत्तम चालतात.

रेषीय फिल्म शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्यांकडे मिळते. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर अशा दुकानदारांकडे चौकशी करा. केबल, कन्व्हर्टर, छोटे पंखे यांसाठी लॅमिंग्टन रोड आहे. पुण्यात त्यासाठी बुधवार पेठ. फुकटातला मार्ग म्हणजे बंद पडलेला एलसीडी मॉनिटर. त्याच्या पॅनेलच्या मागच्या काचेवरची फिल्म सावकाश सोलून काढता येते. पुढची बऱ्याचदा खरखरीत असते, ती चित्र धूसर करते.

नव्या फिल्मवर दोन्ही बाजूंनी पातळ संरक्षक प्लास्टिक असतं, ते बसवण्यापूर्वी काढायलाच हवं. तसं प्लास्टिक, सेलोटेप, ओएचपीची शीट यांपैकी काहीही प्रकाशाच्या वाटेत आलं तर ध्रुवण बिघडतं आणि तुमचा काळा पडदा करडा किंवा रंगीत दिसायला लागतो. फिल्टर लेन्सला चिकटवू नका. ३ ते ५ सेंटीमीटर पुढे, लाकडी किंवा पत्र्याच्या चौकटीत, फिरवता येईल असा उभा करा. निम्म्याहून जास्त प्रकाश हा फिल्टर स्वतःच गिळतो आणि तापतो. छोट्या एलईडी यंत्राला त्याचं फारसं काही वाटत नाही. दोन-तीन हजार ल्यूमेनच्या दिव्याच्या यंत्रापुढे मात्र फिल्म वाकते, तपकिरी पडते. तिथे एक छोटा पंखा ठेवाच.

पडदा: इथे घाई करू नका

पांढऱ्या भिंतीवर हा खेळ होत नाही. चुना, डिस्टेंपर, साधा पांढरा पडदा, सगळे प्रकाश विखरताना त्याचं वळण पुसून टाकतात, आणि मग दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसतात. धातूच्या कणांवरून परतणारा प्रकाश वळण राखतो. पोलराइज्ड थ्रीडी दाखवणाऱ्या चित्रपटगृहांत पडदा चंदेरी असतो तो याचसाठी. प्रोजेक्टरवर दहा हजार जास्त घालून पडद्यात काटकसर करणाऱ्यांना मी नेहमी उलटं करायला सांगतो.

तयार सिल्व्हर स्क्रीनचं कापड विकत मिळतं, पण घेताना ‘पोलरायझेशन राखणारं’ असं स्पष्ट विचारून नमुना मागवा. नुसतं चंदेरी दिसणारं प्रत्येक कापड कामाचं नसतं. नमुना तपासायची रीत अशी: मोबाइलच्या टॉर्चपुढे फिल्टरचा एक तुकडा धरा, उजेड नमुन्यावर पाडा, आणि दुसऱ्या तुकड्यातून तो ठिपका बघत तुकडा फिरवा. ठिपका जवळजवळ विझला तर पडदा चांगला. नुसता मंद झाला तर नको. शेजारी पांढरा कागद ठेवून तुलना केलीत तर फरक चटकन डोळ्यात भरेल.

स्वतः बनवायचा असेल तर ८ बाय ४ फुटांची एमडीएफ किंवा प्लायची शीट घ्या. तिची उंची १२२ सेंटीमीटर, म्हणजे २ मीटर रुंदीचं १६:९ चित्र तिच्यात नेमकं मावतं. पृष्ठभाग गुळगुळीत हवा. लांबी भरून, प्रायमर मारून, आधी २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. हात फिरवल्यावर कुठेच अडखळता कामा नये. मग ग्रिलला आणि पाइपांना मारतात तो ॲल्युमिनियम पेंट. हा रंग ब्रशने किंवा रोलरने मारू नका. ब्रशचा प्रत्येक फटकारा चंदेरी रंगात उमटतो आणि आकाशाचं दृश्य आलं की पट्टे दिसतात. स्प्रे गनच हवी. ती भाड्याने मिळते, नाहीतर शीट सरळ गाड्या किंवा फर्निचर रंगवणाऱ्याकडे न्या आणि त्याला पातळ तीन-चार हात मारायला सांगा. एक हात आडवा, पुढचा उभा. वरून वॉर्निश किंवा लॅकर नको, चकाकी वाढली की मध्यभागी दिवा लावल्यासारखा दिसतो. घरीच मारत असाल तर तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या आणि आसपास गॅसची शेगडी नाही याची खात्री करा.

चंदेरी पडद्याचा दोष म्हणजे तो बाजूला बसणाऱ्यांना अंधार दाखवतो. खुर्च्या मधल्या पट्ट्यात, एकामागे एक मांडा. तीन-चार जणांसाठी हा पडदा आहे, पंधरा जणांसाठी नाही.

मांडणी, आणि दहा सेंटीमीटरचा प्रश्न

दोन प्रोजेक्टर एकावर एक ठेवायचे. शेजारी-शेजारी ठेवले तर दोघांची चित्रं आडव्या दिशेने उलट तिरकी होतात, आणि तो फरक मिटवणं जास्त कटकटीचं. स्लॉटेड अँगलची दोन कप्प्यांची मांडणी करा. वरच्याचा पंखा आणि खालच्याची जाळी मोकळी राहील एवढी फट ठेवा. प्रत्येक यंत्राखाली एक फळी आणि फळीला तीन बोल्ट, विंग नटसह. तीनच, कारण तीन टेकूंवर फळी कधी डगमगत नाही.

आता दोन लेन्समध्ये वर-खाली साधारण १० सेंटीमीटर अंतर राहतं. बहुतेक लोक वरचा प्रोजेक्टर खाली झुकवतात आणि इथेच घोळ होतो. अडीच मीटरवरून चित्र १० सेंटीमीटर खाली आणायला सव्वादोन अंश झुकवावं लागतं, आणि तेवढ्याने चित्र समलंब होऊन वरच्या-खालच्या रुंदीत साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो. कोपरे जुळतच नाहीत. मग डिजिटल कीस्टोन, म्हणजे यंत्राने चित्र ताणून-दाबून चौकोनी करणं, आणि त्याने चित्र मऊ पडतं.

त्यापेक्षा झुकवूच नका. दोन्ही यंत्रं अगदी समांतर ठेवा, चित्रं पडद्यावर १० सेंटीमीटर वर-खाली पडू द्या, आणि तो फरक व्हिडिओच्या आत मिटवा. २ मीटरमध्ये १९२० पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल १.०४ मिलिमीटर, आणि १० सेंटीमीटर म्हणजे ९६ पिक्सेल. बरेच सिनेमे २.३९:१ आकाराचे असतात. १०८० ओळींतल्या सुमारे ८०४ ओळींतच चित्र असतं, वर-खाली मिळून २७६ ओळी काळ्याच. खालच्या प्रोजेक्टरसाठी वर ९० आणि खाली १८६ काळ्या ओळी ठेवा, वरच्यासाठी वर १८६ आणि खाली ९०. चित्रं एकमेकांवर बसली आणि एकही ओळ वाया गेली नाही! पूर्ण १६:९ चित्र असेल तर ते नऊ टक्क्यांनी लहान करावं लागतं, ते सोसा.

जुळवणी

दोन्ही यंत्रं अर्धा तास चालू ठेवा. तापल्यावर लेन्स किंचित सरकते. ऑटो कीस्टोन आणि ऑटो फोकस बंद करा, नाहीतर यंत्र मध्येच स्वतःहून हलेल. फिल्टर अजून लावू नका.

एका प्रोजेक्टरवर लाल रेषांची जाळी टाका, दुसऱ्यावर हिरव्या रेषांची तीच जाळी, वरच्या हिशोबाप्रमाणे ९६ पिक्सेल सरकवून. जिथे जुळलं तिथे रेषा पिवळी दिसते. जिथे नाही तिथे एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला हिरवी झालर. आधी मध्यबिंदू पिवळा करा, मग बोल्ट फिरवून चारही कोपरे. जाळी फिरलेली दिसली तर फळीचा एक कोपरा उचला. एक जाळी दुसरीपेक्षा किंचित मोठी असेल, आणि छोट्या यंत्रांना झूम नसतो, तर ते यंत्र पुढे सरकवा: रुंदीत ५ मिलिमीटर कमी करायचे असतील तर जेमतेम ६ मिलिमीटर सरकवलं की पुरतं. आडव्या दिशेने एखाद-दुसऱ्या पिक्सेलची चूक डोळा खपवून घेतो. उभ्या दिशेने खपवत नाही, कारण आपले डोळे एक वर आणि एक खाली असे वळत नाहीत. आडव्या रेषांवर जास्त वेळ द्या.

मग फिल्टर चढवा. फक्त डावा प्रोजेक्टर चालू, पडदा पूर्ण पांढरा, चष्म्याच्या उजव्या काचेतून बघत फिल्टर फिरवा आणि पडदा सर्वांत काळा होईल तिथे थांबा. उजव्यासाठी तेच, डाव्या काचेतून. डीएलपीपुढे वर्तुळाकार फिल्टर असेल तर कोन कोणताही चालतो. अंधार आकड्यात हवा असेल तर मोबाइल कॅमेरा प्रो मोडवर ठेवा, आयएसओ पक्का करा आणि दोन्ही काचांतून पडद्याचा सारखाच उजेड दिसेल असे शटर शोधा. बरोबर काचेतून १/१०० सेकंद आणि चुकीच्या काचेतून १ सेकंद लागला, तर गुणोत्तर १००:१. एवढं जमलं की समाधानाने बसा. ३०:१ च्या खाली आलं तर पडदा किंवा फिल्मवरचं विसरलेलं प्लास्टिक शोधा.

शेवटी एका प्रोजेक्टरवर ‘डावा’ आणि दुसऱ्यावर ‘उजवा’ असं लिहून एकेका डोळ्याने वाचा. उलटं आलं तर प्रोजेक्टरकडचे फिल्टर आपसात बदला. ही चाचणी टाळू नका; डावं-उजवं उलटलं तरी चित्र खोल वाटतं, फक्त माणसाचं नाक गालाच्या मागे जातं आणि डोळे का शिणताहेत ते कळत नाही.

कॉम्प्युटर

दोन्ही आउटपुट एकाच ग्राफिक्स कार्डावरून घ्या, दोन्हींचं रिझोल्यूशन आणि ६० हर्ट्झ सारखं ठेवा, डेस्कटॉप ‘एक्स्टेंड’ करा, ‘डुप्लिकेट’ नाही. दोन वेगळे मीडिया प्लेअर एकाच वेळी सुरू करून काम भागेल असं वाटतं, पण ते मागे-पुढे होतात आणि चालणारा माणूस हवेत तरंगायला लागतो. एसव्ह्यू हा मोफत प्लेअर दोन पडद्यांवर दोन डोळ्यांची चित्रं टाकतो; विंडोजवर स्टिरिओस्कोपिक प्लेअरही आहे. वर सांगितलेला ९६ पिक्सेलचा सरकाव कायमचा करायचा तर एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ प्रोग्रामने दोन्ही चित्रांना काळ्या ओळी जोडून ३८४० बाय १०८० ची एकच फाइल बनवा.

स्वतःचे फोटो

तयार सिनेमे संपतात, म्हणून स्वतःची चित्रं काढायला लवकर शिका. मोबाइल एकच पुरे. एक फोटो काढा, मोबाइल सरळ रेषेत उजवीकडे सरकवा, दुसरा काढा. किती सरकवायचं? फ्रेममधली सर्वांत जवळची वस्तू जेवढी लांब, त्याचा तिसावा भाग. २ मीटरवरच्या तुळशी वृंदावनाला साडेसहा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांतल्या अंतराइतकंच. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरणा टिपायचा असेल आणि फ्रेममधलं सर्वांत जवळचं झाड ३०० मीटरवर असेल, तर १० मीटर चालून दुसरा फोटो घ्यावा लागेल, आणि तो झपाट्याने, कारण ढगांच्या सावल्या डोंगरावर सरकत असतात. डोळ्यांना सपाट वाटणारी डोंगररांग अशा जोडीत सोंड-सोंड वेगळी होऊन उभी राहते.

जोड्या जुळवायला विंडोजवरचा मोफत स्टिरिओफोटो मेकर वापरा. तो कलणं आणि वर-खालीचा फरक आपोआप काढतो. आडव्या फरकाला मर्यादा आहे. २ मीटरच्या पडद्यावर क्षितिजाच्या दोन प्रतिमांत ५८ पिक्सेलपेक्षा जास्त अंतर नको, कारण तेच ६ सेंटीमीटर होतात. त्यापुढे डोळ्यांना बाहेरच्या बाजूला फाकावं लागतं. सर्वांत जवळची वस्तू फ्रेमच्या कडेवर कापली जात असेल तर ती पडद्याच्या पातळीवर किंवा मागे बसेल इतकी चित्रं आडवी सरकवा. पुढे यायचंच असेल तर मधोमध असलेल्या वस्तूला येऊ द्या, आणि त्यातही एखाद्या फांदीपुरतंच, कारण एकामागोमाग पन्नास फोटो बघताना डोळे त्यानेच आधी थकतात.